तीनशे दहा मीटर

आईसाठी गाडी घ्यायची ठरली तेव्हा मी तेवीस रकान्यांचा तक्ता केला.

मी वजनकाटे तपासायच्या खात्यात आहे. सोनाराचा काटा, भाजीवाल्याचा काटा, ट्रक उभा राहतो तो जमिनीतला काटा, सगळे वर्षातून एकदा माझ्याकडे खरं बोलायला येतात. त्यामुळे न मोजता काही घेणं मला जमत नाही. माझं एक लग्न ह्याच कारणाने ठरता ठरता राहिलं, पण तो विषय वेगळा.

तक्त्यात दोन गाड्या होत्या. एक लाल, एक निळी. दोन्ही जुन्या गाड्यांच्या एकाच दुकानात, शेजारीशेजारी, एकमेकींकडे न बघता उभ्या. दोन्ही आपल्याला परवडतील अशा, दिसायला साध्यासुध्या छोट्या हॅचबॅक, पिशव्या घेऊन बाजारात जाव्यात तशा. पण बॉनेटखाली दोघींनाही वेड लागलेलं. लालमध्ये टर्बो, दीडशेच्या वर घोडे. निळीत टर्बो नाही, घोडेही पंचवीस कमी, पण मी दोघींना जमिनीतल्या काट्यावर नेलं तेव्हा निळी पूर्ण तीनशे किलोने हलकी भरली. म्हणजे लाल गाडी कायम चार जाडजूड पाहुणे बसवूनच निघते.

आईने तक्ता चष्मा वर करून वाचला.

"हा शेवटचा रकाना रिकामा का?"

शेवटचा रकाना होता 'मजा'.

"त्याला माप नाही, आई."

"माप नाही कसं? माझ्याकडे आहे."

आई नुकतीच निवृत्त झाली. एकतीस वर्षं तिने चौदा नंबरची बस चालवली. डेपोतून निघून गोल फिरून पुन्हा डेपो, मध्ये अकरा स्टॉप. एकतीस वर्षांत एकही स्टॉप चुकला नाही, एकही तक्रार नाही. ह्याचा तिच्या स्वभावावर परिणाम झालाच. अजूनही जेवण झाल्यावर ती ताटासमोर बसून राहते. मी चमच्याने पेल्यावर दोनदा टिंग टिंग केलं, की मग उठते.

"ज्या गाडीत माझा एक तरी स्टॉप चुकेल," आई म्हणाली, "ती माझी."

मामा तिथेच होता. मामा आईचा धाकटा भाऊ, आणि त्याला स्वतःची बदामी रंगाची मोठी गाडी आईच्या गळ्यात मारायची होती. वाईट हेतूने नाही, प्रेमाने, आणि तेच अवघड असतं.

"ताई, तुला आता पळणारी गाडी कशाला? कुठे पळायचंय तुला? माझ्या गाडीत मागे चाकाची खुर्ची सरळ उभी मावते."

"कोणाची?"

"पुढेमागे लागतेच ना कोणाला तरी."

"अरे, एकतीस वर्षं मी साठ माणसं घेऊन वळले," आई म्हणाली. "कोणी उभं, कोणी कडेवर मूल घेतलेलं, कोणाच्या हातात अंडी. एकदा फक्त माझ्यासाठी वळून बघायचंय." मग तिने हात पुढे केला. "शनिवारी दोन्ही चालवते. एकही स्टॉप चुकला नाही, तर चार वाजता तुझी गाडी घेऊन ये. मी घेईन."

मामाने इतक्या घाईने हात मिळवला, की त्याचं घड्याळ निसटलं. त्याला आईची एकतीस वर्षं पाठ होती. आणि आईने शब्द दिला म्हणजे दगडावरची रेघ.

शनिवारी दुपारी दुकानातला माणूस टाय लावून तयार होता. टायवर छोट्या छोट्या गाड्या छापलेल्या. आम्ही आधी लाल घेतली. टायवाला पुढे, मी मागे. आईने निघायच्या आधी चारही टायरांना लाथ मारली, आरशात पाहिलं आणि थांबली. मी पेनाने पाण्याच्या बाटलीवर टिंग टिंग केलं. गाडी निघाली.

"कुठे जाऊया मॅडम? बायपासला मोकळा रस्ता आहे."

"चौदा नंबर."

खोटं कशाला बोलू, लाल गाडी जबरदस्त होती. गिरणीपुढच्या सरळ रस्त्यावर आईने पाय दाबला तेव्हा माझा मोबाइल हातातून निघून मागच्या काचेवर जाऊन चिकटला आणि टायवाल्याचा टाय त्याच्या खांद्यावरून मला भेटायला आला.

"मॅडम, स्पोर्ट मोड लावू?"

"लावल्यावर काय होतं?"

"आवाज वाढतो."

"इंजिनाचा?"

"स्पीकरचा."

स्वतःच्याच भाषणाला टाळ्या वाजवणाऱ्या माणसाकडे बघावं, तसं आईने त्या स्पीकरकडे पाहिलं. मग इंडिकेटर देऊन ती गाडी कडेला घेऊन थांबली.

"मॅडम, काही त्रास होतोय का?"

"दवाखाना."

"बाप रे! बरं वाटत नाहीये?"

"ठणठणीत आहे मी. हा दवाखाना स्टॉप आहे."

स्टॉपवरच्या चार माणसांनी गाडीकडे पाहिलं. आईने त्यांच्याकडे पाहिलं. कोणी चढलं नाही. टिंग टिंग. निघालो.

असे आम्ही प्रत्येक स्टॉपवर थांबत गेलो. टायवाला आधी हसला, मग घामेजला, मग पाचव्या स्टॉपला त्याने खिडकी खाली करून एका आजींना "पुढे जाणार का?" विचारलं. माणूस कुठेही रुळतो.

चौदा नंबरच्या वाटेवर खरी परीक्षा एकच. टेकडीवरून उतरताना लागोपाठ तीन वळणं, आणि तिसरं संपताक्षणी टाकी नावाचा स्टॉप, पाण्याच्या उंच टाकीखाली. लाल गाडीने ती तीन वळणं अशी घेतली, जसा वर्गातला हुशार मुलगा शेजारच्याच्या वहीतलं गणित सोडवून मोकळा होतो. गिअर तिनेच बदलले, चाकं घसरायच्या आत तिनेच सावरली. आईकडे काम एकच उरलं होतं, हजर राहणं. टाकीच्या स्टॉपला गाडी फुटपाथपासून वीतभर अंतरावर उभी राहिली.

अकरापैकी अकरा स्टॉप. मी लालच्या शेवटच्या रकान्यात शून्य लिहिलं.

"कशी वाटली मॅडम?"

"फार हुशार आहे. मी काही करायच्या आत तिचं सगळं झालेलं असतं. असा एक कंडक्टर होता माझ्याकडे."

"मग?"

"बदली मागितली."

"त्याने?"

"मी."

दोन वाजून गेले होते. मामाचा फोन आला. "ताई, मी गाडी धुतोय," एवढंच म्हणाला आणि ठेवला. निळीत बसताना आईने दार जरा जोरात लावलं.

निळीला दारं दोनच, मागे जायचं तर पुढचं सीट दुमडून आत शिरायचं. स्क्रीन साबणाच्या वडीएवढा. सीट कडक. टायवाला बिचारा कौतुक करायला काही शोधत होता. "ह्यात मॅडम... ॲशट्रे आहे." आई ऐकतच नव्हती. तिने गाडी चालू न करता गिअरचा दांडा हातात घेतला. बसचा दांडा म्हणजे शेतातून उपटल्यासारखा, तो हलवायला खांदा लागतो. हा मनगटात बसला. पहिला, दुसरा, तिसरा, सहावा, पुन्हा दुसरा. खट्, खट्, खट्.

"हं," आई म्हणाली.

तिचं 'हं' मी ओळखतो. हे त्यातलं नव्हतं.

दवाखान्याच्या स्टॉपला ह्यावेळी एकच माणूस होता. आई थांबली, आणि तो माणूस शांतपणे गाडीच्या मागच्या अंगाला जाऊन दार शोधू लागला.

"अरे देवा," आई पुटपुटली, "मागचं दार."

हे त्या गृहस्थांचं नाव. म्हणजे डेपोने ठेवलेलं. कोर्टात टायपिस्ट, वीस वर्षांपासून चौदा नंबरचे प्रवासी, चढणार फक्त मागच्या दाराने. आणि तक्रार करणार. डेपोतल्या प्रत्येक ड्रायव्हरविरुद्ध त्यांच्या तक्रारी होत्या. एकाविरुद्ध तर तो शिंकतो म्हणून होती. आईविरुद्ध मात्र कधीच नव्हती.

ते शेवटी पुढे आले. एक गाल टोमॅटोसारखा सुजलेला.

"बाई, बस बावीस मिनिटं उशिरा आहे. मला तीन वाजता टाकीला दातवाल्याकडे जायचंय. ही चौदा नंबरच ना?"

"रस्ता तोच आहे साहेब," आई म्हणाली.

टायवाला उतरला, सीट दुमडलं. साहेब गुडघे छातीशी घेऊन माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी टायवाल्याला पास दाखवला. टायवाल्याने तो नीट बघून परत दिला. टिंग टिंग.

मग टेकडी आली.

पहिल्या वळणाआधी आईने दुसरा गिअर टाकला आणि टाकतानाच टाचेने ॲक्सिलरेटरला हळूच टपली मारली. इंजिन स्वतःच्या गळ्याने ओरडलं. गाडी वळली, आणि वळताना रस्त्यावरचा प्रत्येक खडा स्टिअरिंगमधून वर येऊन आईला नाव सांगून गेला असावा, कारण ती मान डोलवत होती. दुसऱ्या वळणाला तिने ब्रेकला हातच लावला नाही, म्हणजे पाय. तिसऱ्यात शिरताना तिने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, गाडीची शेपटी एवढीशी बाहेर झुलली, नाक आत वळलं, आणि ज्या बाजूला मी बसलो होतो त्या बाजूचं मागचं चाक, खांबापाशी कुत्रा उचलतो तसं, अलगद वर झालं. मी इतक्या कमी ओळखीत साहेबांच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

वेगाचा काटा पन्नासवर होता. लालने नव्वदला जे दिलं नाही, ते हिने पन्नासला उधळलं.

आणि आई हसत होती. स्मितहास्य वगैरे नाही, खदाखदा. हा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता.

साहेब घंटीचं बटण शोधत होते. त्यांनी आधी माझा सीटबेल्ट दाबला, मग सीटचा एक स्क्रू दाबला.

"बाई, टाकी!"

"हो हो," आई म्हणाली आणि तिसरा गिअर टाकला.

टाकी आली. टाकी गेली. स्टॉपवरच्या दोन बायका माना वळवून आमच्याकडे बघत राहिल्या.

जरा पुढे गेल्यावर आईचा पाय हळूहळू वर आला. गाडी कडेला थांबली.

"टाकी गेली?" तिने विचारलं.

"टाकी तिथेच आहे," मी म्हणालो. "आपण गेलो."

आईने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. मला वाटलं, आता रडते की काय. साहेबांनी खिशातून पेन काढलं.

"तक्रारवही."

"नाही साहेब आमच्याकडे," टायवाला म्हणाला, आणि मग त्याला आठवलं. "ग्राहक अभिप्राय आहे." त्याने पाच गोल चेहऱ्यांचा कागद दिला, पहिला रडका, शेवटचा हसरा. साहेबांनी गुडघ्यावर ठेवून, कोर्टाच्या अक्षरात लिहिलं:

'विषय: टाकी स्टॉपवर गाडी न थांबविल्याबाबत. महोदय, सदर चालक महिला तिसऱ्या वळणावर मोठ्याने हसत होत्या. स्टॉपची सूचना देऊनही "हो हो" म्हणाल्या व थांबल्या नाहीत. त्या वेळी गाडीचे एक चाक जमिनीवर नव्हते, असे माझे प्रामाणिक मत आहे. तरी योग्य ती कारवाई व्हावी. ता. क.: गाडीस मागचे दार नाही.'

खाली चेहऱ्यांशी आल्यावर ते जरा थांबले. 'स्टॉप' ह्या ओळीत रडक्या चेहऱ्यावर खूण केली. 'प्रवास' ह्या ओळीत सगळ्यात हसऱ्या. सुजलेल्या गालामुळे त्यांना स्वतःला हसता येत नव्हतं, म्हणून कागदावर केलं असणार.

"साहेब, मागे नेऊन सोडते," आई म्हणाली.

"बस मागे जात नसते, बाई." ते उतरले, कपडे झटकले आणि दातवाल्याकडे चालू लागले. दहा पावलांवरून वळून म्हणाले, "वीस वर्षं वाट बघत होतो."

मी निघतानाच डिकीत ठेवलेलं माझं अंतर मोजायचं चाक काढलं आणि स्टॉपच्या खांबापासून गाडीच्या बंपरपर्यंत चालत आलो. निळीच्या शेवटच्या रकान्यात लिहिलं: तीनशे दहा मीटर.

दुकानात बयाणा देऊन टायवाल्याला तिथे सोडलं आणि चार वाजता आम्ही निळीतूनच घरी पोचलो. मामा दारात, बदामी गाडी चकाचक, आरशाला रिबन. आईने खिडकीतून कागद पुढे केला. मामाने दोनदा वाचला.

"ताई, ही तर तक्रार आहे."

"पहिली आहे," आई म्हणाली. "नीट धर, चुरगळू नकोस. मला चौकट करायचीय."

"पण चाक वर... ह्या वयात..."

"चाकाचं वय तीन वर्षं आहे. बसतोस का?"

मामाने एकदा बदामीकडे पाहिलं, एकदा निळीकडे. मग तक्रार छातीशी धरून पुढच्या सीटवर बसला.

"कुठे जायचंय?"

"टाकीपर्यंत," आई म्हणाली. "जमलं तर."

मी सवयीने पेन काढलं आणि टपाशी गेलो. पहिला ठोका टपावर पडला. दुसरा हवेत.