झाकणावरची लाल चिठ्ठी

मला उघडलं त्या सकाळी माझ्या पोटात नऊ किलो बर्फ होता. बर्फात रुतलेला स्टीलचा एक डाव, गार राहाव्यात म्हणून ठेवलेल्या ताकाच्या दोन पिशव्या आणि पानात गुंडाळलेला मोगऱ्याचा एक गजराही होता. बर्फ काढायचं दार रोज उघडायचं, पण त्याच्या वरच्या बंद झाकणावर लाल अक्षरांची एक चिठ्ठी होती: ‘आत हात लावू नये.’ झाकणामागे काय आहे, ते पाच वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

मित्रांनो, मी बर्फ तयार करणारं यंत्र आहे. वयाने आता जुना म्हणायला हरकत नाही. आधी बदलापूरच्या एका हॉटेलात होतो. ते बंद पडल्यावर भीमरावांनी मला उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या त्यांच्या सरबत-लस्सीच्या दुकानात आणलं. माझ्या आत एक थंड जाळी आहे. तिच्यावरून पाणी वाहत राहतं आणि थराथराने गोठतं. मग जाळी क्षणभर गरम होते आणि चौकोनी तुकडे खडखडत खाली पडतात. नवा होतो तेव्हा एका खेपेला बारा मिनिटं लागायची.

भीमराव अंबरनाथच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. रोज सकाळी ते मला बाहेरून पुसायचे. गिऱ्हाईक माझ्या पत्र्यात बघून भांग पाडायचं. लोक माझं कौतुक करायचे आणि मलाही ते आवडायचं.

पण शेजारी जीन्स शिवायचा कारखाना आहे. त्याची निळी धूळ गरम हवा बाहेर टाकणाऱ्या माझ्या मागच्या जाळीवर बसत गेली. पाण्यातले क्षार आत साठले. पाणी बाहेर उडू नये म्हणून झाकणामागे असलेल्या प्लास्टिकच्या पडद्यावर एक गुलाबी, बुळबुळीत थर चढला. बारा मिनिटांची तेवीस झाली, तुकडे पातळ आणि पांढुरके पडू लागले. मला बोलता येत नाही. मी एवढंच सांगू शकत होतो.

दरवर्षी चौदा एप्रिलला कॅम्प पाचच्या विहारासमोर सरबत वाटतात. त्याचा बर्फ भीमराव देतात. “मला भाषण येत नाही, गाणं येत नाही. बर्फ देता येतो,” असं ते म्हणायचे. यंदा मार्चअखेर गल्लीतल्या दोन मुलांची पोटं बिघडली. कशाने, ते कळलं नाही. मग विहाराच्या वेणूबाई दुकानात आल्या आणि बराच वेळ ग्लासशी खेळत बसल्या.

“भीमरावदादा, राग मानू नका,” त्या शेवटी म्हणाल्या. “पोरं पितात, म्हातारी माणसं पितात. बर्फ तपासून घ्या. नाहीतर यंदा आपण बाहेरून आणू.”

भीमराव म्हणाले की बर्फात जंतू जगतीलच कसे. पण सून यशोधराने त्याच दिवशी नमुना प्रयोगशाळेत दिला. तीन दिवसांनी कागद आला. शंभर मिलिलिटरमध्ये कोलिफॉर्म जिवाणू: अठ्ठेचाळीस. पिण्याच्या पाण्यात त्यांतला एकही नसावा.

थंडीने जिवाणू मरतातच असं नाही. पुष्कळसे नुसते थांबून राहतात.

यशोधराने गिऱ्हाइकांना बर्फ देणं तिथेच बंद केलं. एकाने विचारलं, “वहिनी, ही लस्सी आहे की सूप?” तिने ऐकून घेतलं. भीमराव मात्र दोन दिवस माझ्याकडे पाठ करून बसले.

तिसऱ्या दिवशी यशोधराने बोलावलेली भारती बारवीकडच्या पाड्यावरून आली. ती थंड यंत्रांची दुरुस्ती करते. माझ्याभोवती एक फेरी मारून तिने विचारलं, “काका, बाहेरशी तं आरसा केलाय. आत कंदी बघितलंत का?”

भीमरावांनी चिठ्ठीकडे बोट दाखवलं. “लाल अक्षरात लिहिलंय. एकतीस वर्षं कारखान्यात काढली, लाल पाटीच्या पुढे हात नेला नाही.”

भारतीने झाकण काढलं. आत डाव्या बाजूला विजेची छोटी पेटी होती आणि तिच्यावर चिठ्ठीच्याच आकाराचा, डिंकाचा जुना चौकोन होता. चिठ्ठी त्या पेटीची होती. आधीच्या मेकॅनिकने ती सुटलेली बघून सरळ झाकणावर चिकटवली होती.

भीमरावांनी बोटाने पडद्यावरचा थर पुसला, बोट उजेडात धरलं आणि ते खाली बसले. “मी हे पोरांना पाजत होतो,” ते म्हणाले.

“बाबा, आता उठा,” यशोधरा म्हणाली. “बादली धरा.”

मला बंद केलं. सगळा बर्फ फेकला, गजराही गेला. क्षार काढायचं औषध आत फिरवलं, मग साध्या पाण्याने धुतलं, मग जंतुनाशक. ही दोन औषधं कधीच एकत्र करायची नाहीत, विषारी वायू होतो, हे भारतीने भीमरावांकडून दोनदा म्हणवून घेतलं. पडदा मऊ ब्रशने घासला. मागच्या जाळीतून मूठभर निळी धूळ निघाली. डावासाठी बाहेर खुंटी ठोकली. पहिल्या दोन खेपांचा बर्फ टाकून दिला.

मित्रांनो, तेव्हा मला किती हलकं वाटलं, कसं सांगू. बाहेरून चमकतं ते स्वच्छच असतं असं नाही. तुमच्या घरातल्या माठाच्या तळाशी, पाण्याच्या बाटलीच्या झाकणातही कधी बघा. आम्हाला दुखलं तरी ओरडता येत नाही.

भीमरावांनी लाल चिठ्ठी पेटीवर परत लावली. झाकणावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात नवी लिहिली: ‘महिन्यातून एकदा उघडणे. पुढची तारीख: ५ मे.’

दुसरा नमुना आठ एप्रिलला गेला. अकराला कागद आला तेव्हा वेणूबाई दुकानातच होत्या. भीमरावांना चष्मा सापडेना, म्हणून वेणूबाईंनीच कागद मोठ्याने वाचला.

शंभर मिलिलिटरमध्ये कोलिफॉर्म जिवाणू: शून्य. कागदावर नव्हतं ते मी सांगतो, बर्फाची एक खेप: तेरा मिनिटं.