सात पाकळ्यांची मोहर

माझ्या झाकणावर आठ पाकळ्यांचे फूल कोरलेले होते. आज त्यातल्या सातच दिसतात. मित्रांनो, मी पितळेची एक जुनी डबी आहे, चुना ठेवायची. तंबाखू आणि चुना या काही तुम्हाला सांगण्यासारख्या चांगल्या गोष्टी नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण पोटात काय ठेवायचे हे डबीला कोणी विचारत नाही. तेव्हा तेवढे सोडून द्या आणि माझी हकीकत ऐका.

एका ओताऱ्याने मला घडवले. फूल त्याने घाईतच कोरले, कारण त्याला अशा पुष्कळ डब्या करायच्या होत्या. तरी मी चमकत होते. जामसांवलीला मारुतीच्या देवळाबाहेर एका दुकानात बांगड्यांच्या शेजारी मी मांडलेली होते. तिथे जयवंताबाईने मला उचलले. ती नवऱ्याबरोबर मोहगावहून दर्शनाला आली होती. कडेवर तिची लेक छाया होती.

"घेऊ का जी हे?" तिने नवऱ्याला विचारले.

"घरी एक हाय ना," हिरामण म्हणाला.

"ते टिनाची हाय. गंजली. तुमच्यावानीच."

दुकानदार हसला, हिरामणही हसला, आणि मी जयवंताबाईच्या कमरेच्या पिशवीत जाऊन बसले.

पुढे हिरामणला पांढुर्ण्याला कापसाच्या जिनिंगमध्ये पोती शिवायचे काम लागले. आम्ही तिकडे राहायला गेलो. जयवंताबाई बगिच्यात संत्री तोडायला जायची. दिवसातून कितीदा तरी ती मला काढायची आणि अंगठ्याने माझे झाकण ढकलायची. अंगठा नेमका एकाच पाकळीवर पडायचा. काही विचारात असली, तर झाकण न उघडता नुसतीच ती पाकळी चोळत बसायची. अंगठ्याला चुना लागलेला असे, आणि चुन्याने पितळ झिजते. वर्षावर्षाने ती पाकळी बारीक होत गेली आणि शेवटी सपाट झाली. मला फार वाईट वाटायचे. छायाच्या लग्नाआधी घरातली सारी भांडी चिंचेने घासली, तेव्हा मीही लख्ख झाले. पण पाकळी काही परत आली नाही.

छाया लहान असताना माझ्याशी खेळायची. आईने ओसरी शेणाने सारवली, की ही पोर मला पळवायची आणि ओल्या जमिनीवर माझे झाकण दाबत फुलांची रांग काढायची.

"छाये! पुन्हा केलं का तसंच?" जयवंताबाई ओरडायची. "आत्ताच सारवलं ना मी!"

"रांगोळी काढून राहिली, माय."

"हे का रांगोळी हाय? साऱ्याच फुलायले एक पाकळी कमी."

"ते तूच खाल्ली."

यावर जयवंताबाई पदर तोंडाला लावून आत जायची, आणि मला ठाऊक होते, ती हसते आहे.

छायाचे लग्न एका वायरमनशी झाले. त्याला मस्कतला कंपनीत नोकरी मिळाली आणि दोघे तिकडे गेली. सत्याऐंशी साली छायाचे पत्र आले, की तिला दिवस गेले आहेत. त्याच दिवशी जयवंताबाईने ट्रंक उघडली. आपली जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी तिने काढली आणि लहानशी गोधडी शिवायला बसली. मित्रांनो, आमच्याकडे जन्मलेल्या लेकराच्या अंगाला पहिल्यांदा नवे कापड लावत नाहीत. आजीच्या लुगड्याचे कापड लावतात. नवे कापड खरखरीत असते. शिवाय लेकराला आपल्या माणसाचा वास कळतो, असे बाया म्हणतात.

गोधडीच्या तीन कडा शिवून झाल्या आणि जयवंताबाई तापाने आजारी पडली. त्यातून ती उठली नाही. मस्कतला तार गेली. छायाला डॉक्टरांनी प्रवास करू दिला नाही.

त्यानंतर माझ्या पोटातला चुना वाळून दगड झाला. हिरामण तंबाखू खात नव्हता. तरी त्याने मला बंडीच्या खिशात ठेवले. जिनिंगमध्ये, बाजारात, कुठेही गेला, की मी बरोबर असायची. तो मला कधी उघडत नव्हता. खिशात हात घालून नुसता धरून राहायचा.

गोधडीची चौथी कड त्याने स्वतः शिवली. त्याला पोत्यांचीच शिलाई येत होती, तेव्हा तशीच शिवली, लांब लांब टाक्यांची. मग ती एका खोक्यात घातली, खोके गोणपाटात शिवले, चारही कोपऱ्यांना पोत्यासारखे कान काढले आणि पोस्टात नेले. पार्सलच्या खिडकीवर यशवंतराव नावाचे बाबू बसत.

"काका, हे पार्सल आहे का कापसाचं पोतं?"

"पार्सल हाय जी. मस्कतले पाठवायचं हाय."

"कान कशाले ठेवले मग? हमालाले उचलाले?"

रांगेतले लोक हसले. हिरामण काही हसला नाही. यशवंतरावांनी त्याच्याकडे नीट पाहिले आणि आवाज खाली आणला. परदेशी पार्सल कसे बांधायचे ते त्यांनी समजावून सांगितले. खोक्यावर पांढरे मांजरपाट, म्हणजे जाडे सुती कापड, शिवायचे. त्यावर पत्ता इंग्रजीत, पक्क्या शाईने. तोच पत्ता चिठ्ठीवर लिहून आतही ठेवायचा, म्हणजे वरचे कापड फाटले तरी पार्सल हरवत नाही. शिवणीवर जागोजागी लाख लावायची आणि तिच्यावर ठसा उमटवायचा.

"कवाची निकड आहे?" त्यांनी विचारले.

"पोरगी बाळंत होणार हाय. होळीनंतर पंधरा दिवसात."

"मग विमानानंच टाका. अन् आता उशीर नका करू."

हिरामण दोन दिवसांनी पुन्हा आला. होळी तोंडावर आली होती. दुसऱ्या दिवसापासून पोस्टाला सुट्ट्या होत्या आणि टपालाची थैली दुपारच्या गाडीने नागपूरला जायची होती. या वेळी पार्सल पांढऱ्या कापडात, सुबक शिवलेले होते. यशवंतरावांनी मान डोलावली आणि कस्टमचे कागद पुढे ओढले.

"आत काय आहे?"

"गोधडी."

"नवी?"

"माह्या बायकोच्या लुगड्यायची."

"म्हणजे जुने कपडे."

हिरामणने पार्सलवर हात ठेवला. यशवंतरावांनी लेखणी थांबवली. मग 'हाताने शिवलेली गोधडी, भेट' असे इंग्रजीत लिहिले आणि वाचून दाखवले. हिरामणने मान हलवली.

"किंमत सांगा. वीस रुपये टाकू?"

"वीस? एकेक लुगडं मोहगावच्या बाजारातून निवडून घेतलं होतं तिनं."

"बरं, तीस."

"पन्नास तरी लिहा जी."

"अवो काका, किंमत वाढवली तं तिकडं पोरीले कर भरा लागन! लोक कमी कराले सांगतात, तुम्ही वाढवून राहिले!"

"असं हाय का?" हिरामण ओशाळला. "मग लिहा तुमाले पटन ते."

कागद झाले, सह्या झाल्या, पार्सल काट्यावर चढले. आता सारे झाले असे मला वाटले. तेवढ्यात यशवंतरावांनी लाखेवर बोट ठेवले.

"हा ठसा कशाचा?"

"रुपयाचा."

"नाही चालत."

"काहून? खोटा नाही जी तो."

"रुपया तं माह्याही खिशात आहे. वाटेत कोणी पार्सल फोडलं, माल काढला अन् पुन्हा लाख लावून रुपया दाबला, तं कोणाले समजन? ठसा असा पाह्यजे का दुसऱ्यापाशी नसन. घरी मोहर नाही का एखादी?"

"आमी का राजे हाओ?" हिरामण म्हणाला. "मोहर कोठून आणू?"

"मग करून आणा. होळीनंतर या."

"मग पार्सल पोचेवरिक पोरगी बाळंत होऊन जाईन, जी."

नियम यशवंतरावांनी केलेला नव्हता. हिरामणने सवयीने खिशात हात घातला आणि मला मुठीत धरून बाहेर काढले. आपण काय काढले हे त्यालाही कळले नसावे.

"ते काय आहे हातात?"

"काही नाही. चुन्याची डबी."

"पाहू." यशवंतरावांनी मला उजेडात फिरवले. माझ्या त्या सपाट जागेवर त्यांचे बोट थांबले. "हे चालते. अशा डब्या बाजारात ढीगभर असतीन, पण अशी झिजलेली एकच. हेच दाबा."

"हे नाही," हिरामण म्हणाला. त्याने मला परत घेतले आणि खिशात टाकले.

मित्रांनो, तो का नाही म्हणाला ते मला कळले. तिच्या अंगठ्याची जागा होती ती. तिच्यावर कढत लाख लागणार, खरवडावी लागणार. जयवंताबाईच्या हाताची खूण अशी घरात दुसरी उरली नव्हती. एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला काट्यावरचे पार्सल. बाहेर टपालाच्या थैल्या बांधणे चालले होते. हिरामण कितीतरी वेळ खिडकीपाशी उभा राहिला.

मग तो हळूच म्हणाला, "ओसरीवर फुलं काढे ते."

"कोण?"

"छाया. इच्याच झाकणानं. ठसा पाहून ओयखन ते."

त्याने मला पुन्हा बाहेर काढले. चाकूने रुपयाचे ठसे खरवडले. यशवंतरावांनी मेणबत्ती पेटवली आणि लाखेची कांडी दिली. पहिल्या वेळी लाख मलाच चिकटली आणि ठसा उपटून आला. हिरामण घाबरला.

"ओली करा ना तिले," यशवंतराव म्हणाले. "कोरड्या पितळेले लाख धरते."

त्यांनी तिकिटे भिजवायची पाण्याची वाटी पुढे सरकवली. पाण्यात बुडवून हिरामणने मला लाखेवर दाबले. चटका बसला, पण मला उचलले तेव्हा खाली फूल उमटले होते. सात पाकळ्या आणि एक रिकामी जागा. त्याने सगळ्या शिवणींवर ठसे उमटवले.

"वाटेत कस्टमवाले एखादी बाजू कापतीन, पाहतीन," यशवंतरावांनी सांगितले. "सारे ठसे नाही राहणार."

"एखादा तं राहीन," हिरामण म्हणाला.

त्याने मला बंडीच्या टोकाने पुसले. त्या सपाट जागी लाखेचा एक लाल डाग राहिला, तो आजही आहे. थैली दुपारच्या गाडीने गेली.

पुढे पत्र आले. पार्सल पोचले, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. एवढेच त्यात होते.

दोन वर्षांनी उन्हाळ्यात छाया आली. बरोबर तिची मुलगी होती. बापलेक ओसरीवर बसली, तेव्हा छायाने पिशवीतून मांजरपाटाचा एक तुकडा काढला. त्यावर लाखेचे फूल होते, अखंड.

"एका बाजूनं कस्टमवाल्यायनं कापलं होतं," ती म्हणाली. "दुसऱ्या बाजूनं मी उसवलं. हे नाही तोडलं."

"वेळेवर आलं होतं का वं?"

"हे पोर पैदा व्हायच्या आधी आलं. नर्स नवं कापड घेऊन उभी होती. मी म्हटलं, ते नाही, हे." तिने लाखेच्या फुलावरून बोट फिरवले. "बाबा, तार आली तवा मले रडताच आलं नाही. सारे म्हणत, पोटातल्याले सांभाळ. पार्सल आलं, मी पत्ता नाही वाचला. पहिले लाखच दिसली. वाटलं मायनंच पाठवलं. घडीभर माय गेली हेच इसरली मी. मग आठवलं, अन् मग रडली."

हिरामण मान खाली घालून बसला होता. छायाने डोळे पुसले.

"अन् चौथ्या कडेले काय शिवलं जी तुम्ही? पोरगी का कापूस हाय, पोत्यात भराले?"

"मले तेच येते," हिरामण म्हणाला, आणि पुष्कळ दिवसांनी तो हसला.

जायच्या दिवशी त्याने मला खिशातून काढून तिच्या हातावर ठेवले. "घेऊन जाय. मायची हाय."

छायाने त्या सपाट जागेवर आपला अंगठा ठेवला. मग तिने मला परत बापाच्या हातात दिले आणि त्याची मूठ मिटवली.

"मोहर तुमच्यापाशीच पाह्यजे, बाबा. नाही तं मले पार्सल कसं येईन?"

म्हणून मी अजून पांढुर्ण्यात, हिरामणच्या खिशात आहे. जुन्या लुगड्यांचे कापड संपले, तरी कुरड्या, पापड, लोणच्याचा मसाला असे काहीतरी मस्कतला जाते. कुरड्यांचा वाटेत भुगा होतो. छाया लिहिते, भुगाही चालतो, ठसा तेवढा नीट दाबत जा.

मित्रांनो, जी झिजलेली पाकळी मला आयुष्यभर नकोशी वाटली, तिच्यामुळेच मी कामाला आले. तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू असेल. ती टाकून देण्याआधी किंवा घासून चकचकीत करण्याआधी, ती कुठे झिजली आहे ते एकदा पाहा. तिथे कोणाचे तरी बोट असते. तेवढी जागा सांभाळा. रुपया तर सगळ्यांच्याच खिशात असतो.