तुळामहाराजांचे सागरतीर्थ

लालबागच्या त्या चाळीच्या चौकात गुरुवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा उरत नसे. भिंतीवर संयुक्त महाराष्ट्राच्या सभेची हाक चुन्याने लिहिलेली आणि तिच्याखाली वखारीतला मोठा तराजू टांगलेला. एका पारड्यात दत्तारामची बायको सुंदराबाई, दुसऱ्यात गूळ. कर्करोगाने काडी झालेली ही बाई दर गुरुवारी जड होत चालली होती. गुळाची आणखी एक ढेप चढली की बायका हात जोडत, आणि तुळामहाराज म्हणत, "मुंबई मिळेल तेव्हा मिळो. दत्तारामा, तुझी लक्ष्मी मी आजच मिळवून दिली."

गिरणीत माग चालवणाऱ्या दत्तारामचा ऊर भरून येई. परळच्या इस्पितळातली नवी इंजेक्शने चालू असताना सुंदराबाई अन्नाला शिवत नव्हती. महाराजांनी इस्पितळ सोडायला लावले, रोज तांब्याभर सागरतीर्थ सुरू केले, आणि तिच्या पायांतली जोडवी रुतू लागली. अंग भरले की दुखणे गेले, हे दत्तारामने कोकणात आईच्या तोंडून ऐकले होते. रात्री तिला आडवे होता येत नसे, भिंतीला टेकूनच डोळा लागे. महाराज म्हणाले, आसन सिद्ध झाले. जिन्यावर धाप लागे. म्हणाले, प्राण ऊर्ध्वगामी झाला. दत्तारामने तेही मानले.

त्या गुरुवारी गर्दीतून वाट काढत इस्पितळातल्या डॉक्टर बकुळाबाई आल्या. सुंदराबाई तपासणीला येईनाशी झाली, म्हणून त्या घर शोधत आल्या होत्या. त्यांनी वाद घातला नाही. पारड्यापाशी बसून त्यांनी तिच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. ओल्या मातीत पडावा तसा खळगा पडला, आणि तो भरून येईना.

शेजारच्या शेवंतीने हसत आपला पाय पुढे केला. "माझापण दाबा, डॉक्टरीणबाई. मागापाशी उभी राहून लाकूड झालंय त्याचं." तिच्या नडगीवर खळगा राहिला नाही. शेवंतीचे हसू मावळले.

"हे मांस नव्हे, दत्ताराम, पाणी आहे," बकुळाबाई म्हणाल्या. "गाठ मारणारं औषध कधी कधी हृदयालाही थकवतं. थकलेलं हृदय रक्त पुरतं ढकलत नाही. मग पाणी पायांत साचतं, आडवं झालं की छातीत दाटतं. म्हणून तर आम्ही दर खेपेला छाती ऐकतो, हृदयाचा आलेख काढतो." मग त्यांनी तीर्थाचा तांब्या दत्तारामपुढे धरला. त्याने घोट घेतला आणि थुंकला. वडाळ्याच्या मिठागरातले पाणी बरे, इतके ते खारट होते.

"सागर खारटच असायचा, बाई," महाराज म्हणाले.

"मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. जे हिचं बंद करायचं, ते तुम्ही तांब्यातांब्यानं पाजलंत."

महाराज म्हणू लागले की आपण भोळे साधक, आपल्याला मिठाचे काय कळते. तेवढ्यात पारड्यातून सुंदराबाई बोलली, दोन शब्दांमागे एक श्वास घेत. "मी सांगितलं होतं महाराजांना. हे प्यायलं की... जीव गुदमरतो. तर म्हणाले... काटा झुकतोय ना, सोस."

तुलादान हे आपल्या पूर्वजांचे पवित्र कर्म; तीर्थ हा शब्द उच्चारताना आपण आजही मस्तक लववतो. त्या दोन्ही पावित्र्यांच्या आड उभा राहून हा भोंदू एका बाईला तिच्याच देहातल्या पाण्यात बुडवत होता, आणि आपण सारे टाळ्या पिटत होतो.

दत्तारामने बायकोला उचलले. गुळाचे पारडे धाडकन आदळले. महाराज पाय वाचवत मागे सरले. त्यांच्या शिष्यांनी वाट अडवली, कोप होईल म्हणाले.

"होऊ दे," दत्ताराम म्हणाला. "सर बाजूला, नायतर तुलाच तांब्या पाजीन."

टॅक्सीत त्याने विचारले, वाचेल ना. बकुळाबाईंनी कानांत नळ्या अडकवल्या होत्या. "शब्द देत नाही. आधी ऐकू दे."

वाचकहो, कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या आपल्या माणसाला धाप लागली, पाय सुजले, झोपता येईना, तर त्याचा अर्थ कोणा महाराजाला विचारू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. वाटेत कोणी चमत्कार म्हणून हात जोडले, तर त्याला बाजूला सारून न्या.