माझ्या झाकणावरची वाटी

मी बरणी बोलतेय. मातीची, माणसाच्या कमरेइतकी उंच. पोट मोठं, तोंड रुंद आणि बोलणं सरळ. गोडगोड ऐकायचं असेल तर दुसरीकडे जा.

कोरियातल्या छुंगछॉन्गच्या डोंगरात माझा जन्म झाला. मला घडवणारा दोक्साम काही पिढीजात कुंभार नव्हता. राजाने येशूचं नाव घेणाऱ्यांना मारायचा हुकूम काढला, म्हणून तो नि त्याची बायको बुन्ने घरदार सोडून इथे आले. चिखलाने माखलेल्या माणसाला कोणी नाव-गाव विचारत नाही, म्हणून ते कुंभार झाले.

भाजल्यावर चकाकी यावी म्हणून राखेच्या पाण्यात मला बुडवून काढल्यावर दोक्सामने माझ्या पोटावर बोटाने गवताची पाती ओढली. मग इकडेतिकडे बघून हात आत घातला आणि तळाशी एक क्रूस ओढला.

"कोणाला दिसणार तो तिथे?" बुन्ने हसली.

"तुला. धुवायला हात घालशील तेव्हा लागेल हाताला."

तेव्हा फार धीट होता तो. बोलताना.

बुन्नेने माझ्यात सोयाबीनच्या वाळवलेल्या ढेपा घातल्या, मिठाचं पाणी ओतलं, नासू नये म्हणून वर कोळसा आणि लाल मिरच्या सोडल्या. ऊन पडलं की झाकण काढायची, आभाळ आलं की धावत येऊन लावायची. महिनोन्महिने मुरून तयार होणारा हा काळा खारट रस तान्ह्या पोरासारखा असतो. दुर्लक्ष केलं की गेला.

गावातल्या बाकीच्या बायका पहाटे बरणीच्या झाकणावर स्वच्छ पाण्याची वाटी ठेवून घरच्या देवतेपुढे वाकायच्या. माझं झाकण मात्र रिकामं. शेजारची, कांगन्युंग गावाहून आलेली आजी रोज बघायची. एकदा न राहवून म्हणाली, "अगं, लोक बोलायला लागलेत. एक वाटी पाणी ठेवलंस तर तुझा देव काय तहानेने मरेल?"

"घरात नवरा जेवायचा असताना शेजारच्याला ताट वाढाल का आजी?"

"माझा नवरा बघितला असतास तर तूच म्हणाली असतीस, वाढा!"

दोघी पोट धरून हसल्या. पण आजीने जाताना माझ्याकडे वळून बघितलं. तिला भीती वाटत होती. ती खरी ठरली.

सोयाबीन काढायच्या दिवसांत शिपाई आले. कोणी चुगली केली ते मला ठाऊक आहे, पण नाव घेऊन माझं तोंड कशाला विटाळू? हवालदाराने सगळ्या बरण्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यावर काठी आपटली.

"हिच्यावर वाटी का नाही? ठेवा आणि वाका. वाकलात तर मी काही बघितलं नाही."

दोक्साम गेला आणि वाटी घेऊन आला. ठेवताना निम्मं पाणी त्याने माझ्या झाकणावरच सांडलं. तो वाकला. कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकला.

बुन्ने उभीच.

"अगं वाक ना एकदा!" तो ओरडला. "मनात काय ठेवायचं ते ठेव!"

"मनात आहे तेच कमरेत आहे," ती म्हणाली. "वाकत नाही ती."

गुन्हेगारांना बांधतात त्या लाल दोरीने तिला बांधलं. तिने नवऱ्याला शिव्या दिल्या नाहीत. मी दिल्या असत्या. जाताना एवढंच म्हणाली, "अहो, ऊन पडलं की झाकण काढत जा. पाऊस आला की लावा."

हिवाळ्यात ती तुरुंगात मेली. निरोप आजीनेच आणला.

ऊन पडत होतं. पण झाकण काढायचं तर आधी वाटी उचलायला हवी होती, आणि त्या वाटीला हात लावायची दोक्सामला हिंमत होईना. माझ्या बाजूने जायचंच त्याने सोडलं. वाटीत बर्फ झाला, वाटी तडकली. माझ्या आत बुन्नेचा रस कुजत होता, आणि मी ओरडू शकत नव्हते.

बर्फ वितळल्यावर एक दिवस तो आला. तडकलेली वाटी उचलली. झाकण काढलं आणि नाकाला बाही लावली. वर बुरशीची साय, तिच्यात अळ्या. त्याने सगळं ओतून दिलं आणि मला आडवी करून, डोकं आत घालून, धुवायला लागला.

धुता धुता त्याचा हात थांबला. तळाशी. स्वतःच्याच बोटाने ओढलेल्या खुणेवर.

माणूस बरणीत डोकं घालून रडतो तेव्हा बाहेर फारसं ऐकू येत नाही. आत मात्र घुमतं. माझ्यात ते अजून घुमतंय.

मग तो उठला, तोंड धुतलं, स्वच्छ कपडे घातले. आजी धावत आली. "कुठे निघालास? कचेरीत? अरे मूर्खा, ती गेली! तू जाऊन ती उठणार आहे का?"

"नाही, आजी. मी वाकलो ते खोटं होतं, एवढंच सांगायचंय. ती उभी होती. मला तिच्या शेजारी उभं राहू दे."

"मान राहणार नाही रे खांद्यावर!"

"माहीत आहे," तो म्हणाला. घाबरलेलाच होता. पण गेला. परत आला नाही.

आता मी आजीच्या अंगणात आहे. बाकीच्या बरण्यांवर ती पहाटे वाटी ठेवते, माझ्यावर ठेवत नाही. "मला तुझा देव कळत नाही," माझ्या पोटावर थाप मारून म्हणते, "पण बुन्ने मला कळायची." ऊन पडलं की माझं झाकण काढते, आभाळ आलं की धापा टाकत येऊन लावते. आत काही नसतं, तरीही.

आजी थकली आहे. तिच्यानंतर मला कोणी घ्याल तर घ्या. कुजका वास अजून गेलेला नाही, तो सोसा. मिठाचं पाणी भरा. पण भरण्याआधी एकदा हात घालून तळ चाचपा. आणि माझ्या झाकणावर काही ठेवू नका.