एक नंबर लहान

आमच्या शेजारच्या पोरीला सगळं गाव टिटवी म्हणायचं. पाय लांब, काटकुळे आणि सावकाश चालणं ठाऊकच नाही. डोक्यावर वैरणीचा भारा असला तरी बांधावरून पळतच यायची. घरात आई, मोठा भाऊ आणि चार म्हशी. शेण, धारा, वैरण सगळं टिटवीच्या अंगावर. दादा दूध घेऊन बाजारगावाला जायचा, तो ऊन चढल्यावरच परतायचा.

वनरक्षकांची भरती निघाली आणि तिने अर्ज भरला. तीन किलोमीटर धावून दाखवायचं होतं, तेही खडीच्या रस्त्यावर, आणि अनवाणी माणसाला रेघेवर उभंच करत नव्हते.

चपला शिवणाऱ्या तात्यांनी तिला दिवेलागणीच्या आधी बोलावलं. दिवसभर राबलेला पाय फुगतो, माप तेव्हाच घ्यावं, असं त्यांचं म्हणणं. कागदावर उभं करून त्यांनी पावलाभोवती पेन्सिल फिरवली. पंजा रुंद निघाला, टाच बारीक. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहिली पाहिजे, टाच आत हलता कामा नये, मधला उंचवटा तळव्याच्या खोलगटाला टेकला पाहिजे, एवढं त्यांनी पढवलं.

"आणि सैल होईल या आशेवर बूट घेऊ नकोस," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी चावतो, तो शेवटपर्यंत चावतो."

कागद दादाने खिशात घातला आणि दोन दिवसांनी लाल बूट घेऊन आला. टिटवीने पाय घातला तर बोटं चेपली. दादा म्हणाला, दुकानात याहून मोठा नव्हता, आठवड्यात बसेल पायाला. आई म्हणाली, भावाने हौसेने आणलाय, तोंड वाकडं करू नये. टिटवीने नाड्या बांधल्या. लहानपणी ती विहिरीत पडली तेव्हा मागचापुढचा विचार न करता उडी टाकणारा हाच दादा होता. त्याच्या शब्दावर तिने कधी शंका घेतली नव्हती.

रोज पहाटे ती नांगरटीच्या कडेने धावायची. ढेकळांवर पाय पडला की कळ थेट मस्तकात जायची. अंगठ्याचं नख काळं पडलं, आठव्या दिवशी निघून आलं. दादाने स्वतः कोमट मिठाचं पाणी आणून तिचे पाय बुडवले आणि हळूच म्हणाला, राहू दे आता, धावणं काही सगळ्यांच्या कपाळी नसतं.

ती लंगडत जाताना तात्यांनी तिला थांबवलं. बुटाचं टोक अंगठ्याने दाबलं, आतला नंबर वाचला. मग म्हणाले, एकदा तूच दुकानात जाऊन ये.

दुकानदाराला तो कागद आठवत होता. त्याने फळीवरून बरोबर मापाचा जोड काढून तिच्यापुढे ठेवला.

"हाच काढला होता मी. तुमच्या भावाने एक नंबर लहान मागितला. मी म्हटलं, बोटं दुखतील. तर म्हणाले, चालेल, तिला फार लांब जायचं नाहीये."

दुकानदार भला माणूस. मळलेला जोड ठेवून घेतला, नवा दिला. टिटवी घरी आली तेव्हा दादा गोठ्यात धार काढत होता. ती दावणीपाशी उभी राहिली आणि दुकानदाराचं वाक्य जसंच्या तसं त्याला ऐकवलं.

त्याचे हात थांबले. "तू गेल्यावर या म्हशी कोण बघणार? आई थकली, मी एकटा."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं, तर थांबली असतीस?"

"थांबले असते, दादा," ती म्हणाली. "तेवढा जीव होता माझा तुझ्यावर."

म्हशीने पाय झाडला, चरवी कलंडली, तरी तो तसाच बसून राहिला.

नख नसलेल्या अंगठ्याला चिंधी बांधून टिटवी धावली. पहिली आली नाही, पण निवडलेल्यांत शेवटून तिसरं नाव तिचं होतं.

ती निघाली त्या दिवशी निम्मं गाव फाट्यावर जमलं होतं. दादा जो भेटेल त्याला छाती फुगवून सांगत होता, बूट मीच आणून दिले होते तिला. टिटवीने ते ऐकलं, खोडलं नाही. एसटी आली तसा त्याने तिच्या ट्रंकेला हात घातला.

"असू दे," ती म्हणाली आणि ट्रंक स्वतःच उचलून आत चढली.