डावा मागचा कोपरा

"पुन्हा डावाच?" फायबरवाला गाडीच्या मागे उकिडवा बसला आणि उत्तराची वाट न बघता त्याने कपाळावर हात मारून घेतला. "भावोजी, तीन महिन्यांतला हा चौथा कोपरा. माझ्याकडे काय झाडाला लागतात का हे?"

"फाटकाचा खांब," भावोजी खिडकीतून म्हणाले. "कुणीतरी आत सरकवलाय."

"सिमेंटचा खांब सरकवलाय?"

"मग मी काय खोटं बोलतोय? विचार तुझ्या बहिणीला."

ताई अजून पुढच्या सीटवरच बसून होती. मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून, समोर बघत ती म्हणाली, "होता खरा खांब जरा पुढे."

आता सख्ख्या बहिणीनेच साक्ष दिल्यावर बोलणार काय, कपाळ?

भावोजींची ही कॅम्परव्हॅन सव्वीस वर्षांची. आत दोघांना झोपायला फळी, एक शेगडी, हात धुवायला एवढंसं बेसिन, आणि बाहेरून म्हणाल तर जगात कुठेही न मिळणारे चाळीसएक प्लास्टिकचे तुकडे. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. स्पेअर पार्टवाल्यांना फोन केला की मॉडेलचं नाव ऐकून आधी शांतता, मग हसू, आणि मग "काका, भंगारात बघा." दुसरा कुणी असता तर त्याने बघितलंही असतं. पण भावोजींना मेहुणा होता ना! पाणी भरायच्या तोंडाचं झाकण हरवलं, चला मेहुण्याकडे. छतावरची खिडकी तडकली, चला मेहुण्याकडे. मागचा दिवा कुठेच मिळेना, तर मेहुण्याने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा दिवा आणून त्याच्या मापाची बैठक करून दिली. वीस वर्षांत त्याच्या निम्म्या सुट्ट्या या गाडीने खाल्ल्या होत्या.

बाकी त्याचं आयुष्य म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. टाक्यांची झाकणं, बाथटब, दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं. स्वतःच्या मनाने त्याने कधी काही घडवलं नाही. लोकांनी मोडकं आणायचं, याने त्याचा साचा घ्यायचा, आणि त्यात काचेच्या धाग्यांची चटई आणि रेझिन घालून दुसरं तस्संच काढून द्यायचं. बायको म्हणायची, तुमच्या अंगाचा हा वास आता धुऊनही जात नाही. एक गोष्ट मात्र खरी. 'हे होत नाही' असं तो कधीही कुणाला म्हणाला नव्हता. भावोजी चारचौघांत त्याला 'आमचे शिल्पकार' म्हणायचे. चेष्टेने म्हणायचे, पण त्याला ते आवडायचं. कबूल मात्र त्याने कधी केलं नसतं.

"काय शिल्पकार," भावोजी उतरून शेडमध्ये आले आणि उलट्या ठेवलेल्या ड्रमवर टेकले. "दुपारपर्यंत होईल ना? उद्या आरटीओची तपासणी आहे. कोपऱ्यावर दिवा नीट बसला नाही तर तिथला साहेब गाडी पास करायचा नाही. परवा आम्ही निघतोय. घाटातून वर, तिथून पलीकडे तळ्यावर. चांगले पंधरा दिवस."

"दुपारपर्यंत? रेझिन सुकायला वेळ देणार, की फुंकर मारू?"

"मार की. तुझी फुंकर गरमच असते."

फायबरवाल्याने धुसफुसत फळीवरून साचा काढला आणि ड्रमशेजारच्या टेबलावर आपटला. परातीएवढा साचा, त्यावर त्यानेच लाल रंगात 'डावा मागचा' लिहिलेलं. मग मोडका कोपरा सोडवायला तो गाडीकडे गेला. तीन स्क्रू निघाले, चौथा फिरेना. स्क्रूला, कंपनीला आणि जगातल्या तमाम खांबांना शिव्या घालत त्याने तो कसाबसा काढला. कोपरा हातात आला आणि तो उलटसुलट करून बघत राहिला.

गाडी मागे घेताना धडकली की फायबर आत दबतं, चिरा चारी बाजूंना फुटतात. भावोजींनी पूर्वी फोडलेले सगळे कोपरे तसलेच होते. हा आत दबलेला नव्हता. पुढून मागे घासत ओढला गेला होता. म्हणजे गाडी पुढे जात होती. समोरचा खांब दिसत असताना माणूस त्याला गाडी घासेल कशाला? तो गाडीच्या डाव्या अंगावरून हात फिरवत पुढे निघाला. पाण्याच्या झाकणाची कड खरवडलेली. खिडकीच्या चौकटीवर हिरवा रंग, कुणाच्या तरी गाडीचा. सगळ्यात पुढे, ताईच्या खिडकीबाहेरचा आरसा काळ्या चिकटपट्टीने बांधलेला. पट्टी अगदी नीट, कडा दुमडून लावली होती. हे काम ताईचं. भावोजींना एवढा धीर नाही. त्याने पलीकडे जाऊन उजवी बाजू बघितली. तिथे एक ओरखडा नव्हता.

तो ताईच्या खिडकीशी आला.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"ताई, मला शिकवू नकोस. डावीकडचं दिसत नाही त्यांना. कधीपासून?"

ताईने एकदा शेडकडे बघून घेतलं. "तीन महिने झाले," ती हळूच म्हणाली. "एक दिवस डोकं फार दुखत होतं. दुसऱ्या दिवसापासून ताटातलं डावीकडचं तसंच राहायला लागलं. मी म्हटलं, भाजी आवडली नाही का? तर म्हणाले, वाढलीस कुठे? आता अर्धं जेवण झालं की मी गुपचूप ताट फिरवून ठेवते."

"आणि डॉक्टर?"

"नाव काढलं तरी अंगावर येतात. मला स्वच्छ दिसतंय म्हणतात. खोटं नाही रे बोलत. त्यांना खरंच तसं वाटतं."

"आणि तू याच बाजूला बसतेस!"

"मग कुठे बसू?" ताई एकदम चिडली. "मी बसते म्हणून निदान 'अहो, जरा उजवीकडे घ्या' असं ओरडता तरी येतं. मी नसले तर काय करतील ते?"

फायबरवाल्याला कुणाकुणाचा राग आला ते त्यालाच सांगता आलं नसतं. बहिणीचा आला, भावोजींचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. तीन वेळा त्याने कुरकुरत का होईना, तस्सा नवा कोपरा बसवून दिला होता. सांधा कुठे दिसत नाही म्हणून स्वतःवर खूश झाला होता, आणि बहिणीला त्याच सीटवर बसवून हात हलवत निरोप दिला होता. आता परवा घाट होता, आणि चढताना दरी डाव्या हाताला होती.

तो तरातरा शेडमध्ये गेला. "भावोजी, कोपरा होणार नाही."

"दुपारपर्यंत?"

"होणारच नाही. साचा... साचा फुटला."

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. साचा टेबलावर होता, भावोजींच्या डाव्या गुडघ्यापासून वीतभरावर, लाल अक्षरं वर करून. आता हे पकडणार, खदाखदा हसणार आणि वर्षभर चारचौघांत ऐकवणार. भावोजींनी शेडभर नजर फिरवली. समोरच्या फळीकडे बघितलं, दाराकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"फुटला? अरेरे," ते कळवळून म्हणाले. "किती खपून केला होतास. आठ दिवस तुकडे जुळवत बसला होतास."

ताई दारात येऊन उभी राहिली होती. तिने तोंडावर हात धरला.

भावोजी भांडले असते तर फायबरवाल्याने आपलं खोटं दामटून नेलं असतं. पण आता त्याला ते जमेना. "नाही फुटला, भावोजी," तो म्हणाला. "तिथेच आहे. तुमच्या डाव्या हाताशी."

"कुठे?" भावोजींनी मान वळवली.

"अजून. अजून वळा."

त्यांची नजर टेबलाच्या कडेवरून सरकत साच्यावर आली आणि ते दचकले. त्यांनी मान सरळ केली. पुन्हा वळवली. पुन्हा सरळ केली. असं चार-पाच वेळा झालं. मग हात लांब करून त्यांनी साच्याची कड चाचपली.

"हा मघापासून इथे आहे?"

"तुमच्यासमोरच आपटला की मी."

"आवाज आला होता," भावोजी म्हणाले. साच्यावरचा हात त्यांनी काढला नाही. "म्हणजे खांब होता तिथेच आहे." मग त्यांनी दाराकडे, ताईकडे बघितलं. "आणि तू रोज त्या बाजूला बसत होतीस. बोलली का नाहीस?"

"बोलले," ताई म्हणाली. "तुम्ही ऐकलंत कुठे?"

खिशातून किल्ली काढून त्यांनी मेहुण्यापुढे धरली. "डॉक्टरकडे जायचं तर आत्ताच जाऊ. उद्या माझा विचार बदलेल. तू चालव."

फायबरवाल्याने लोंबणारा दिवा दोरीने बांधला. ताई मागे फळीवर जाऊन बसली. भावोजी गाडीच्या अंगावरून हात फिरवत, वळसा घालून आले आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा डाव्या सीटवर चढले. शेडसमोरची गल्ली अरुंद. गाडी रस्त्याच्या तोंडाशी येते न येते तोच मागे एक टेम्पो येऊन उभा राहिला.

"पट्टा लावा, भावोजी."

भावोजींनी उजव्या हाताने उजवीकडे शोधलं. मांडीखाली बघितलं, सीटच्या फटीत बोटं घालून बघितलं. पट्टा त्यांच्या डाव्या खांद्याशी लटकत होता. "या बाजूला पट्टा दिलाच नाही वाटतं कंपनीनं," ते पुटपुटले.

मागून ताई पुढे वाकली. फायबरवाल्याने आरशातूनच तिला नको अशी मान हलवली. त्याचा स्वतःचा हातही अर्धा उचलला गेला होता, तो त्याने परत गिअरवर ठेवला. टेम्पोवाल्याने लांबलचक हॉर्न दिला.

"अरे थांब की जरा, आग लागलीय का कुठे?" फायबरवाला खिडकीतून मागे खेकसला.

भावोजींनी डावीकडे मान वळवायला सुरुवात केली. थोडी वळवली, थांबले, अजून थोडी वळवली.

फायबरवाल्याने इंजिन बंद केलं.