तीन कागदांवरची विहीर

विहीर चालते असं छबूबाईला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायची कुणाची टापही नव्हती. पण नगरहून पाणलोटाच्या कामाला आलेला महेंद्रसाहेब तिच्याच ओसरीत बसून तेच सांगत होता.

त्याच्यापुढं तीन पारदर्शक कागद एकावर एक ठेवलेले. खाली जुना गावनकाशा, वर बहात्तर सालचा विमानातून काढलेला फोटो, त्यावर औंदाचा उपग्रहाचा. तिन्ही जुळवून कुठं काय बदललं ते बघायचं आणि मग ओढ्यावर बंधाऱ्याची जागा धरायची. जुळवायला न हलणारी खूण हवी होती. सकाळी त्यानं विचारलं, तेव्हा छबूबाई मान ताठ करून म्हणाली होती, "आमचा वढ्याकाठचा म्हसोबा. सात पिढ्या जागचा हलला न्हाई." त्यानं तिथंच टाचणी टोचली.

आता ओढा तिन्ही कागदांवर एका रेघेत आणि विहिरी मात्र तीन! एक लांब, एक अलीकडं, एक पार काठाला.

"आजी, जुनी विहीर लांब होती. ही काठाची नवी दिसतेय. तिची नोंद नाही. बंधाऱ्याच्या पाण्यात गेली तर भरपाई मिळायची नाही."

"नवी? माज्या सासऱ्यानं खांदली ती! ईर काय पाय फुटून चालती व्हय रं?"

"कागदावर तसंच दिसतंय."

"मग तुजा कागदच पिऊन आलाय."

दाराआडून सून मालन हळूच म्हणाली, "आत्याबाई, पुरानं काठ ढासळला की म्हसोबा उचलून नव्या काठावर मांडत्यात की."

"मांडत्यात! त्येची जागाच काठाची. काठ हलला, द्येव कुटं हलला?"

महेंद्रनं कपाळावर हात मारला. टाचणी उपसली, तिन्ही विहिरी एकावर एक येतील असे कागद सरकवले अन् टाचणी विहिरीत टोचली. विहीर एक झाली, जुनीच, नकाशातली. पण आता ओढे तीन झाले, अन् दर कागदागणिक ओढा विहिरीकडं सरकत आलेला. त्यानं तांबड्या पेन्सिलीनं पुढची चौथी रेघ काढली. ती विहिरीतूनच गेली.

"वढा आजून हितं आला न्हाई न्हवं?"

"नाही."

"मग काडलास कशाला?"

"अंदाज आहे, आजी. असाच सरकला तर येईल."

"बंधाऱ्यानं थांबंल?"

"थांबेल. किंवा चुकीच्या जागी घातला तर लवकर येईल."

विहीर वाचली म्हणून साखर वाटावी की गेली म्हणून रडावं, छबूबाईला उमजेना. ती दारात आडवी बसली.

"मालन, भाकरी टाक. वढा थांबायची जागा घावंस्तवर ह्यो हितनं उठायचा न्हाई."